जिवाणीचा लोटा

राजकुंवरला कशाकशाची भीती वाटते हे विचारण्यापेक्षा कशाची वाटत नाही हे विचारलेलं बरं. पाल, वीज, रिकामी खोली, विहिरीचं काळं पाणी... आणि या सगळ्यांच्या वर पानबाई काकी! अशा मुलीनं माघातल्या एका सकाळी गोवऱ्या आणायला मागच्या पडवीचं दार ढकललं, आणि आत परका पुरुष! मग काय विचारता. तिची किंकाळी ऐकून जळगावच्या स्टेशनावरचं इंजिनसुद्धा दचकलं असेल.

"चोर... चोर!"

"चोर नाही हो, नळवाला!" तो गुडघ्यांवर बसला होता, नखशिखांत भिजलेला, आणि भिंतीतून नव्यानं आत आलेल्या पाइपाच्या तोंडावर त्यानं अंगठा दाबून धरला होता. "हवं तेवढं ओरडा, पण आधी इकडे या. हा अंगठा काढला तर तुमच्या पडवीत नाव चालेल."

"मी... मी का येऊ?"

"रस्त्यावरची चावी मी बंद करून आलो होतो, कुणीतरी उघडली. जाऊन परत बंद करायचीय. तोवर इथे कुणाचा तरी अंगठा हवा."

पळून जावं असं तिला शंभरदा वाटलं. पण पाय पुढे गेले, का गेले ते तिलाही पुढे कधी सांगता आलं नाही. त्याचा अंगठा निघून तिचा बसला, तेवढ्या वेळात पाण्याची चिळकांडी दोघांच्या तोंडावर उडाली. माघाची थंडी आणि ते गार पाणी... पण बाई, कानशिलं का तापली?

"घट्ट धरा. घाबरू नका."

"मी नाही घाबरत," ती म्हणाली. दात कडकड वाजत होते.

तो हसला आणि धावत सुटला. परत आला तेव्हा तिचा अंगठा पांढराफटक पडला होता, पण एक थेंब बाहेर आला नव्हता.

"शाबास!" तो म्हणाला. "माझा हाताखालचा माणूस असता तर केव्हाच पळाला असता."

हा सगळा उद्योग राजकुंवरच्या वडिलांचा, कापडवाल्या शांतीलालजींचा. साल एकोणीसशे सदतीस. मेहरूण तलावाचं पाणी पाइपातून गावात कधीचं येत होतं, पण ते घरात घ्यायला पानबाई तयार नव्हत्या. पानबाई म्हणजे शांतीलालजींच्या विधवा भावजय. राजकुंवरची आई गेल्यापासून घर त्यांच्याच शब्दावर चाले. शांतीलालजी बाजारात वाघ, पण भावजयीपुढे मांजर! म्हणून भाभीसा जैन स्थानकात साध्वीजींचं व्याख्यान ऐकायला गेल्याचं बघून त्यांनी गुपचूप नळवाल्याला मागच्या दारानं आत घेतलं होतं.

काकी परतल्या, पडवीत आल्या, पितळेच्या तोटीकडे बघितलं. मग नळवाल्याकडे.

"कोण तू?"

"सोहनलाल. धुळ्याच्या रतिलालजींचा मुलगा. वडील गेले आता."

"ओसवालाचं पोर आणि हातात पाना?"

"तराजू धरायला दुकान लागतं, काकीसा. पान्याला दोन हात पुरतात."

शांतीलालजींनी डोळे मिटून घेतले. काकींच्या तोंडावर कुणी असं उत्तर देत नसे! पण काकींनी नुसतं "हं" केलं आणि निकाल दिला. नळ राहील, पण पाणी दुहेरी कपड्यातून गाळलं जाईल. आणि गाळण्यात राहिलेले बारीक जीव, म्हणजे जिवाणी, ज्या पाण्यातून आले त्याच पाण्यात परत जातील. विहिरीचं विहिरीत. नळाचं मेहरूणात.

"रोज?" शांतीलालजी चाचरले. "भाभीसा, मेहरूण का जवळ आहे?"

"मग नळ उपटा."

"मी नेईन," सोहनलाल म्हणाला. "तिकडेच राहतो मी. सकाळी इकडून सायकलवर जाईन, तलावात सोडीन. एक दिवस चुकणार नाही."

आणि खरंच चुकला नाही. रोज सकाळी मागच्या दारी सायकलची घंटी वाजायची, राजकुंवर झाकलेला लोटा पुढे करायची. पहिले आठ दिवस नजर दाराच्या कडीवर. नवव्या दिवशी तीच बोलली.

"नळ... नळ घुरघुरतो. पहाटे. आत काहीतरी आहे."

"आहे ना. वारा." तो हसू दाबत होता. "रात्रभर पाइपात हवा कोंडते. तोटी आधी अर्धीच उघडायची, वारा जाऊ द्यायचा, मग पूर्ण. माणसासारखंच असतं ते. आधी फुसफुस, मग गोडवा."

"सगळ्या माणसांचं?"

"काहींचं. काही आधी किंचाळतात."

तिनं दार धाडकन लावलं. आणि दारामागे उभी राहून किती वेळ हसली!

मग रोज काहीतरी निघू लागलं. गाळणं तोटीला बांधून ठेवू नका, कुजतं. पाइपावर ओली धुणी टाकू नका, जोड ढिला होतो. तोटी बंद करताना मनगट लावायचं नाही. दोन बोटांनी थांबेल तेवढंच. दोन बोटांनी थांबलं नाही तर...

"तर?"

"तर मला बोलवायचं."

"रोज तर येता!"

"रोज दारापर्यंत येतो," तो म्हणाला.

पण या गोडव्यात एक काटा होता. त्याच्या कपाळावर घाम बघून ती विचारी, "पाणी देऊ?" आणि दर वेळी एकच उत्तर. "तहान नाही." माघात ठीक होतं. फाल्गुनातही तहान नाही? चैत्रात, जळगावचं ऊन डोक्यावर घेऊन सायकल हाणणाऱ्या माणसाला तहान नाही?

राजकुंवरला कारण माहीत होतं. म्हणजे तिला तसं वाटत होतं. दोन वर्षांपूर्वी, सतराव्या वर्षी तिची सगाई अमळनेरला झाली होती, आणि लग्नाआधी महिनाभर मुलगा तापानं गेला. तेव्हापासून बायका तिला बघून कुजबुजायच्या... पांढऱ्या पायाची. हिच्या हातचं पाणीसुद्धा कुणी... ती रात्री उशीत तोंड खुपसून रडायची, आणि सकाळी पुन्हा विचारायची. "पाणी देऊ?"

"तहान नाही."

चैत्र सरता सरता तोटी ठिबकायला लागली. ठिबकणारच! काकी ती दोन्ही हातांनी, पदर गुंडाळून, अंगातलं सगळं बळ लावून पिरगाळायच्या. एका थेंबात असंख्य जीव. एक थेंब वाया गेला तर त्यांचं पाप आपल्या माथी. जितकी ठिबके तितकी त्या आणखी आवळायच्या, जितकी आवळायच्या तितकी ती आणखी ठिबके. आणि एका सकाळी राजकुंवरनं गाळणं उलगडलं, तर त्यात जिवाणीबरोबर एक तपकिरी तुकडा. नखाएवढा. मऊ, फुगलेला.

तिनं तो बोटांत धरला, वास घेतला. मोच्याच्या दुकानावरून जाताना येतो तो वास.

घंटी वाजली. तिनं लोटा पुढे केलाच नाही. नुसता तळहात उघडला.

"हे काय आहे?"

सोहनलालचा चेहरा उतरला. इतका, की तिला उत्तराची गरजच उरली नाही.

"वायसर," तो शेवटी म्हणाला. "तोटीच्या पोटात चकती असते, ती पाणी अडवते. चामड्याची असते. सगळ्यांच्याच नळांत असते."

"चामड्याची! आम्ही... काकी... तीन महिने..." एकदम तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "म्हणून तुम्हाला तहान लागत नव्हती! आम्हाला पाजत होतात, आणि स्वतः..."

"हो."

"लाज नाही वाटली?"

"वाटली. रोज वाटली." त्यानं सायकलचा दांडा घट्ट धरला होता. "काम शिकताना ठाऊक नव्हतं. कळलं त्या दिवशी ओकलो मी. मग मनाला समजावलं, की जग पितंय. पण तुम्ही पहिल्यांदा पाणी विचारलंत ना... तेव्हा घशाखाली उतरणार नाही हे कळलं."

"मग सांगितलं का नाही?"

"भीती वाटली."

"काकींची?"

"नाही." तो खाली बघत होता. "नळ उपटला असता. नळ गेला की लोटा गेला. आणि लोटा गेला की... मी कुठल्या निमित्तानं आलो असतो?"

अगं बाई! जे ऐकायला तीन महिने कान आसुसले होते ते असं, अशा वेळी, हातात हा तुकडा असताना ऐकायला यावं! ती रडली की हसली तिलाच कळलं नाही.

"काकींना कळलं तर त्या अन्नपाणी सोडतील," ती म्हणाली. "आणि तुम्हाला समाजातला एकसुद्धा उंबरा चढू देणार नाही."

"माहीत आहे. मला आठ दिवस द्या. दुसरी चकती करतो. कशाचीही करीन, चामड्याची नाही."

ते आठ दिवस राजकुंवरनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. तुकडा पदराच्या गाठीत होता आणि ती गाठ निखाऱ्यासारखी कमरेला पोळत होती. काकींनी पाण्याचा पेला तोंडाला लावला की हिचा हात गाठीकडे. काकींनी "राज" म्हणून हाक मारली की हातातलं भांडं खाली. सांगावं तर तो जातो. न सांगावं तर काकींचा धर्म जातो. देवा, कुणाला काय तोंड दाखवू?

तिकडे सोहनलाल रोजचा लोटा पोचवून भिकन मोच्याच्या दुकानात ठाण मांडून होता. लाकूड फुगलं, सुताची गुंडाळी कुजली. शेवटी भिकननंच मोटारीच्या जुन्या टायरातून वहाणा कापता कापता रबराचा एक पातळ काप त्याच्यापुढे टाकला. पहिली चकती गळली, दुसरी गळली. तिसरीला पाणी थांबलं.

नवव्या दिवशी, काकी स्थानकात गेल्यावर, तो पाना घेऊन पडवीत आला. तीच जागा, तोच पाइप. त्यानं तोटी काढली, पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला, दुसऱ्या हातानं कुजकी चामड्याची चकती बाहेर काढून फरशीवर ठेवली आणि खिशातून काळी कुळकुळीत रबराची चकती काढली.

"किती वेळ?" तिनं दाराकडे बघत विचारलं.

"दोन मिनिटं. अंगठा देता?"

तिनं अंगठा दिला. या वेळी चिळकांडी उडाली नाही, पण त्याचा हात तिच्या हाताला लागला आणि दोघांनीही तो लगेच काढला नाही.

"राज."

दारात काकी! साध्वीजींना ताप होता, व्याख्यान झालंच नव्हतं. काकी पुढे आल्या, वाकल्या, फरशीवरची चकती बघितली. हात लावला नाही.

"हे काय?"

सोहनलालनं तोंड उघडलं. "काकीसा, ही..."

"चामडं आहे," राजकुंवर म्हणाली.

हो, राजकुंवर! पालीला घाबरणारी. "नळात असतं. पहिल्या दिवसापासून होतं. मला आठ दिवसांपूर्वी कळलं, मी लपवलं. हे ते चामडं काढून रबर बसवायला आलेत."

पाणी तिच्या अंगठ्याखाली धडधडत होतं. सोहनलालनं घाईघाईनं चकती बसवली, तोटी आवळली.

"तू तर सावलीला भितेस," काकी अगदी हळू म्हणाल्या. "आज हे तोंड कुठून आणलंस? माझी भीती गेली?"

"नाही काकी. तुमची वाटतेच." ती आता हुंदके देत होती. "पण हे परत आले नाहीत तर... त्याची जास्त वाटते."

झालं! बोलून गेली. जे त्यालाही सांगितलं नव्हतं ते काकींना सांगून बसली. सोहनलाल पान्याकडे बघत राहिला, कानांपर्यंत लाल.

काकी पाटावर बसल्या.

"माझ्या माहेरी, मारवाडात, विहिरीला तळ दिसत नाही," त्या म्हणाल्या. "उंट कोस, म्हणजे इकडची मोट, ओढतो, तेव्हा पाणी वर येतं. कोस कशाचा असतो रे?"

"चामड्याचा," सोहनलाल पुटपुटला.

"आम्ही धावत जायचो पाण्याला. आई म्हणायची, गाळून पी. एवढंच म्हणायची." त्यांनी डोळे मिटले. "चामड्याचं मी माझं बघीन. पण लपवलंस ते? तुझ्या हाताला ठाऊक होतं आणि माझ्या तोंडाला नव्हतं. समाजातल्या किती घरांत बसवलंस?"

"तेवीस."

"तेवीस उंबरे चढ. प्रत्येक घरात आधी सांग, काय होतं ते. मग बदल. गुपचूप नाही. सगळं झालं की ये, आणि पुढच्या दारानं ये. तोवर जिवाणी राज नेईल."

आणि काकींनी प्रायश्चित्ताला तेला धरला. तीन दिवस अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही, वैशाखात, साठीच्या बाईनं! राजकुंवर रात्रंदिवस उशाशी बसून श्वास मोजत होती. तिसऱ्या दिवशी काकींचे ओठ तडकले, नाडी लागेना, शांतीलालजी खांबाला धरून रडले. चौथ्या सकाळी शेजारच्या विहिरीच्या पाण्यानं काकींनी पारणं केलं आणि पहिलं विचारलं, "लोटा मेहरूणला गेला?"

गेला होता. रोज जात होता. धुणीभांड्याच्या कुंदाबाईला बरोबर घेऊन राजकुंवर तांबडं फुटता फुटता निघायची. तलावाच्या पायरीवर पहिल्या दिवशी तिला घेरी आली होती, पाणी तिला ओढून घेतंय असं वाटलं होतं. कुंदाबाई एरंडोलकडची, गावभरच्या बातम्या तिच्या ओच्यात.

"राजबाई, त्या पोऱ्याले काल पायरीवरतून ढकली दिन्हं वं! बठ्ठा लोके जमेल व्हतात. सायकल मोडी टाकी त्यासनी."

"लागलं का त्यांना?"

"हातले लागनं. तरी दुसरा दारमा जाई उभा ऱ्हायना. येडा शे तो."

राजकुंवरनं लोटा पाण्याला टेकवला, हलकेच कलंडला. आपल्या पायाखाली किती खोल पाणी आहे, हे त्या दिवशी तिच्या लक्षातच आलं नाही. तेवीस घरं... एखाद्या घरानं त्याला धुळ्याला परत पिटाळलं तर? तो परत आलाच नाही तर? जिच्या पायगुणानं एक गेला, तिच्या शब्दानं दुसराही...

आठ दिवस गेले. बारा गेले. मग वारं फिरलं, आणि कसं फिरलं म्हणाल? शेजारणीकडे काळी चकती बसली आणि आपल्याकडे नाही, हे कोणत्या बाईला सोसवेल? शेवटच्या चार घरांनी तर निरोप धाडून त्याला बोलावून घेतलं.

सतराव्या दिवशी भर दुपारी पुढच्या दाराची कडी वाजली. शांतीलालजींनी दार उघडलं. सोहनलाल उभा होता. हाताला फडकं बांधलेलं, चेहरा रापलेला, सायकल नाही. मेहरूणहून चालत आला होता.

"तेवीस," तो एवढंच म्हणाला.

राजकुंवर आतल्या दाराआड, जीव मुठीत धरून. काकी काय म्हणणार? काकींनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, हाताचं फडकं बघितलं, अनवाणी पाय बघितले.

"चालत आलास? बैस," त्या म्हणाल्या. मग आत वळून, "राज, पाहुण्यांना पाणी आण. नळाचं."

शांतीलालजी चमकले. मुलगा घरी येतो आणि मुलगी पाणी घेऊन बाहेर येते, याचा अर्थ आमच्या लोकांत शेंबड्या पोरालाही कळतो!

पडवीत राजकुंवरनं तोटी अर्धी उघडली, वारा जाऊ दिला, मग पूर्ण उघडली. दुहेरी गाळण्यातून पेला भरला. तोटी बंद करायला तिनं हात उचलला. मागून काकी आल्या. आता त्या पदर गुंडाळणार, दोन्ही हात लावणार...

काकींनी दोन बोटांनी तोटी फिरवली. पाणी थांबलं.

"जा," त्या म्हणाल्या. "सांडू नकोस."

ती बाहेर आली. त्याच्यापुढे पेला धरला. चार महिने विचारलेला प्रश्न तिनं आज विचारलाच नाही, तो नाही म्हणाला असता तर तिथेच कोसळली असती. सोहनलालनं पेला दोन्ही हातांनी घेतला, तिच्याकडे बघितलं आणि एका दमात रिकामा केला.

"तहान होती?" तिनं हळूच विचारलं.

"चार महिन्यांची," तो म्हणाला, आणि त्यानं रिकामा पेला पुन्हा तिच्यापुढे धरला.